पायऱ्यांचा तुकडा

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. माझ्या मावसबहिणीनं, पंचशीलानं, हे मला दोनदा सांगितलं.

एप्रिल २०१६. उदगीर. दुपारचे पावणेबारा.

लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. उदगिरात टँकरपुढं रांगा, अन् रांगेत उदगीर नवा जिल्हा होणार, अशा गप्पा.

पंचशीला रेवणप्पांच्या छोट्या ऑफिसात प्रोग्राम लिहायची. गाळ काढायच्या विहिरींचे फोटो एका संस्थेला स्क्रीनवर बघायचे होते. फोटो अवजड, कॉम्प्युटर जुने. म्हणून अख्ख्या फोटोतला हवा तेवढाच चौकोन स्क्रीनवर उमटवायचा, असा कोड तिनं लिहिला. डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. चार आकडे दिले की तेवढाच तुकडा दिसायचा.

बघू तरी, म्हणून तिनं आपल्याच गावचा फोटो घेतला. नायगाव तालुक्यातली बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. तिचे वडील व्यंकटी चार गड्यांना घेऊन त्याच दिवशी गाळ काढायला तिथं उतरले होते.

तिनं पायऱ्यांचा तुकडा काढला.

तिसऱ्या पायरीवर एक बाई होती... पाठमोरी.

तिनं अख्खा फोटो उघडला.

पायऱ्या रिकाम्या.

आकडे चुकले असतील, असं तिला वाटलं. तपासले. बरोबर होते. तेच आकडे देऊन तिनं पुन्हा तुकडा काढला.

बाई आता सहाव्या पायरीवर होती...

तिनं रेवणप्पांना बोलावलं. फोटो त्यांनीच आदल्या आठवड्यात काढला होता. तिथं तेव्हा चिटपाखरू नव्हतं, असं ते सांगत होते. तेवढ्यात त्यांची नजर स्क्रीनवर गेली, अन् त्यांनाही ती बाई दिसली.

पंचशीलानं तिसऱ्यांदा तुकडा काढला.

बाई पार तळाशी. आणि तिच्या मागची भिंत...

भिंतच नव्हती. नुसती माती.

पंचशीलानं वडिलांना फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. पुन्हा रिंग.

चौथ्यांदा उचलला.

"आबा, आधी वर या."

पलीकडं धाप लागल्याचा आवाज. मग आबा म्हणाले, "वरच हावोत आमी. भिताड आत्ताच ढासळलं, पोरी. फोन वर सदऱ्यात व्हता. तूच निरोप धाडलास म्हनून वाचलो."

"कसला निरोप?"

"एक बाई आली ना सांगायला. पंचशीलाचा निरोप हाय, वर या म्हनली."

तिनं कुणालाच पाठवलं नव्हतं. ती बाई आता कुठं आहे, एवढंच तिनं विचारलं.



"आमी वर आलो... अन् ती खाली उतरली."

गावानं चार दिवस तो ढिगारा उपसला. कुणी सापडलं नाही. गावातली, शेजारच्या वस्तीवरची एकही बाई कमी नव्हती.

रेवणप्पांनी ते काम परत करून टाकलं.

आबा अन् चारही गडी धडधाकट आहेत. पण आबांना झोप नाही. बारवेची पायरी अरुंद. ती बाई त्यांच्या खांद्याला खांदा घासून खाली गेली होती. बाई, खाली जाऊ नको, असं पाचांपैकी एकही जण म्हणाला नाही.