लाल रांगेतलं हिरवं पुस्तक

बसा, कुसुमताई. बनी पार्कातून इथे शास्त्री नगरला एवढ्या उन्हात आलात, ते काही माझ्या हातचा चहा प्यायला नाही, मला ठाऊक आहे. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी माझ्या कपाटाचा फोटो टाकला आणि तुमच्या डॉक्टरसाहेबांची पुस्तकं तशीच लावायचं तुमच्या डोक्यात आलं. लावा की. सांगते सगळं. पण नंतर म्हणू नका, गौतमी, हे आधी का नाही सांगितलंस.

हे बघा, अठरा फळ्या. वरून खाली लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. काळी-पांढरी सगळ्यात खाली. उंच पुस्तकं कडेला, बुटकी मध्ये. मधूनमधून वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर गोदाम वाटतं. तिथे एखादी वस्तू ठेवायची. माझ्याकडे बुद्धमूर्ती आहे, बाबांचा जुना सिग्नलचा दिवा आहे, आणि ती काचेची बरणी. बरणीला हात नका लावू, नुसतं बघा.

पुस्तकं बाबांची. शेषराव, मालगाडीचे गार्ड. वर्ध्याहून बदली होऊन जयपूरला आले ते इथलेच झाले. दर वर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, येताना पिशवीत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. आई म्हणायची, "हा माणूस कपडे तिथंच वाटून येते काय बाप्पा!"

आईला, सुलोचनाला, वाचता येत नव्हतं. पुढे काचबिंदूनं दिसणंही गेलं. बाबा घरी असले की दुपारी तिला वाचून दाखवायचे. ती खुर्चीत बसून "हं… हं" करायची. हुंकार आला नाही तर बाबा पुढचं वाक्य वाचायचेच नाहीत. ड्यूटीचा निरोप आला की पानात रेल्वेचं जुनं पुठ्ठ्याचं तिकीट घालायचे. "तिकीट ठेवलंय. उरलेलं आल्यावर." कितीतरी पुस्तकं अशीच अर्धी राहिली, कारण दसऱ्याला नवी यायचीच.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका दुपारी त्यांनी असंच तिकीट घातलं, "जरा पडतो" म्हणाले, आणि उठलेच नाहीत. हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. नऊ पानं उरली होती.

गेल्या वर्षी मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मला खूळ लागलं. गणिताची बाई मी, मला पसारा सोसत नाही. मोबाइलवर कुणाकुणाची कपाटं बघितली होती. चार दिवस खपले. पुस्तकांतून डोकावणारी तिकिटं फार गबाळी दिसत होती, म्हणून सगळी उपटली. टाकवली नाहीत, म्हणून बरणीत भरली. मतलब, शोभेला! माझ्याच अकलेचं मला केवढं कौतुक वाटलं होतं तेव्हा.

आईनं फळ्यांवरून हात फिरवला. तिची बोटं एकदम थांबली.

"तिकिटं कुठं हायत?"

मी बरणी हलवून आवाज ऐकवला. ती मटकन खुर्चीत बसली. "सगळे एकात एक केले काय गं? आता त्यायला कसं समजन, कुठवर झालं होतं?"

मी हसले. हो, हसले. देवाशपथ म्हणायची आमच्यात रीत नाही, पण त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनचा सुमार. पडदे ओढलेले, कूलर चालू, खोलीत ओल्या वाळ्याचा वास. मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. कूलरच्या घरघरीखाली आणखी एक आवाज लागला. पुठ्ठा फळीवर घासतो तसा. मग पानं भराभर उलटल्याची फडफड. मग थोडा वेळ काही नाही, आणि पुन्हा घासल्याचा आवाज. उठून आले तर आई खुर्चीत ताठ बसलेली, आणि वरच्या लाल फळीवरची सगळी पुस्तकं बोटभर पुढे आलेली. वाळ्याच्या वासात गंजाचा आणि डिझेलचा वास मिसळला होता. बाबा ड्यूटीवरून आले की अंगाला यायचा, तोच.

"ते शोधून राहिले," आई म्हणाली.

मी पुस्तकं आत ढकलली. दुसऱ्या दिवशी दुसरी फळी बाहेर आली. मग तिसरी. रोज एक. आईचा हात तिथवर पोचत नव्हता हो, वरच्या फळ्यांना मलाच स्टूल लागतं. आणि आईचं काय चाललं होतं, सांगू? अडीच वाजता उठून तोंड धुवायची, केस विंचरायची, धुतलेलं लुगडं नेसायची. बाबा गेल्यापासून इतकी खुशीत नव्हती.

एकदा वेणी घालताना मला म्हणाली, "पुस्तक संपलं का मी जातो बाई त्यायच्यासंग. तसं ठरलंय आमचं."

मला भाऊ नाही, बहीण नाही. लग्न टिकलं नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. या घरात मला "जेवली काय?" म्हणून विचारणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते असं नटून बसत होतं. मी मनाशी म्हटलं, नाही नेऊ देणार.

हिरव्या पुस्तकांची पाळी यायला दोन दिवस होते. मी ते कुरतडलेलं पुस्तक काढलं आणि सगळ्यात वर, लालांच्या मधोमध खुपसलं. त्या रांगेत ते डोळ्यांना टोचत होतं, पण मला बाबांची पद्धत माहीत होती. गार्ड गाडी तपासतो ती डब्यामागून डबा. बघून झालेल्या डब्याकडे परत फिरत नाही.

तसंच झालं. हिरव्या फळ्या झाल्या, निळ्या झाल्या, जांभळ्या झाल्या. अठराव्या दिवशी तळची काळी-पांढरी बाहेर आली. एकोणिसाव्या दिवशी तीन वाजले, साडेतीन वाजले. नुसता कूलर.

आईनं जेवण सोडलं. "थकले असतीन गं ते," एवढंच पुटपुटायची आणि पदर डोळ्याला लावायची. मी तिच्यासमोर बसून खोटं बोलत राहिले, की पुस्तक माझ्याही हाती लागत नाहीये. पोटच्या पोरीनं आंधळ्या आईशी असं वागावं! पण मला ती हवी होती, कुसुमताई. कशीही, रडत का होईना, हवी होती.

पाचव्या दिवशी मी तिची औषधं आणायला गेले. परतताना आंधी उठली. तुम्हीही इथल्याच, तुम्हाला काय सांगायचं… चार वाजता गल्ली पिवळी पडली, मग तपकिरी, मग काहीच दिसेना. दाराशी पोचले तोवर वीज गेलेली. कूलर बंद. आत मिट्ट काळोख, दातांखाली धूळ करकरत होती.

आणि आवाज येत होता. हलका, सावकाश, ओळीखाली बोट ठेवून वाचतात तसा. शब्द कळत नव्हते. मधेच थांबायचा… मग आईचा आवाज यायचा.

"हं…"

पुन्हा तो. पुन्हा ती. "हं…"

दारात स्टूल आडवं पडलं होतं. त्याला पाय लागला. मला हाक मारायची होती, पण मारली नाही. मी भिंतीला धरून उभी राहिले. एकदा पान उलटल्याचं ऐकू आलं… आणखी एकदा… मग वाचणं थांबलं. आईचा एक शेवटचा "हं" आला, समाधानाचा, जेवण झाल्यावर येतो तसा.

वीज आली तेव्हा ती खुर्चीतच होती, मान किंचित कलती. मांडीवर हिरवं पुस्तक, मिटलेलं. तिची बोटं त्या कुरतडलेल्या कोपऱ्यावर होती. स्टूलवर चढून तिनं हातांनीच हुडकलं असणार, दुसरं काय? तिची बोटं मला कळलीच नव्हती.

नातेवाईक आले, आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, सगळे गेले. त्या संध्याकाळी मी इथे एकटी बसले होते. घर खायला उठलं होतं. रडता रडता तोंडातून निघून गेलं, "बाबा, मलाही वाचून दाखवा हो."

मी सात वर्षांची असताना ते मलाही वाचून दाखवायचे. लहान मुलांचं जांभळं पुस्तक, सशाचं. मी म्हटलं होतं, "बाबा, हिंदीत सांगा ना, मराठी बोअर होतं." शेवटची दोन पानं उरली होती, तिथे त्यांनी तिकीट घातलं आणि म्हणाले, "उरलेलं, तू म्हणशील तेव्हा." आणि बघा, मी म्हटलं.

वर्षभर काही नाही. या मेमध्ये वरची लाल फळी पुन्हा बोटभर पुढे आली.

लपवून काय होतं ते मी पाहिलं होतं. म्हणून शहाणपणा केला. जांभळं पुस्तक स्वतःच काढलं, बरणीतलं एक तिकीट घेतलं आणि शेवटच्या पानांऐवजी पहिल्या पानात घातलं. मतलब, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. तेवढेच दिवस मिळतील. ते बघा, खुर्चीशेजारी तिपाईवर आहे.

रोज दुपारी मी समोर बसते. दिवसाला एकच पान होतं. हुंकार द्यायचा नाही, असं ठरवलेलं असतं. पण आवाज बाबांचा असतो हो, आणि मराठी आता बोअर होत नाही. तोंडून निघून जातंच. काल संध्याकाळी पाहिलं, तिकीट बाविसाव्या पानात होतं. पुस्तक चोवीस पानांचं आहे.

फेकून दे म्हणाल. नाही फेकवत. मला आता दुसरं कोण वाचून दाखवणार आहे?

अगंबाई, पावणेतीन झाले की. निघा आता तुम्ही, तीन वाजायच्या आत. डॉक्टरसाहेबांची पुस्तकं खुशाल रंगानं लावा, छान दिसतात. फक्त आतल्या खुणा काढू नका. आणि कुसुमताई, जाताना दार ओढून नका घेऊ, आपोआप कुलूप लागतं त्याला. नुसतं लोटून ठेवा. परवा कुणाला तरी आत यावं लागेल.