झाकणावरचा नंबर

सरकून बसा, आणि दिवा राहू द्या. ही माझ्या साडूची गोष्ट. तीस वर्षं लॅबमध्ये टेक्निशियन होता, थापा मारणाऱ्यातला नव्हता.

मंगळवारी रात्री सव्वाअकराला मालक डॉक्टरांनी त्याला एक किरकोळ काम सांगून लॅबमध्ये पाठवलं. सकाळी लॅबची तपासणी करायला सरकारी माणसं येणार होती. त्याआधी कपाटातला एक मेणाचा ठोकळा कचऱ्यात जायला हवा होता. पेशंटच्या गाठीचा तुकडा असा मेणात जपून ठेवतात, म्हणजे पुन्हा कधीही तपासता येतो.

तो ठोकळा का नकोसा झाला, ते ऐका. त्या लॅबमध्ये पेशंटचा नंबर तुकड्याच्या बरणीवर नाही, बरणीच्या झाकणावर लिहायचे. साडूने तीनदा बजावलं, साहेब, झाकणं बदलली तर माणसं बदलतील. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी दोन झाकणं बदललीच. एका शिक्षिकेला रिपोर्ट मिळाला, कॅन्सर नाही. तिचा खरा रिपोर्ट दुसऱ्याच बाईच्या नावावर गेला. त्या बाईच्या डॉक्टरने शंका आली म्हणून पुन्हा तपासून घेतलं, आणि आठवड्यातच लॅबमध्ये घोळ उघडा पडला.

एक फोन करायचा होता शिक्षिकेला. एक! लॅबचं नाव जाईल म्हणून मालकाने केला नाही. साडूनेही केला नाही, गप्प बसला. दहा महिन्यांत बाई गेली, आणि हा निर्लज्ज मालक तिच्या नवऱ्याला म्हणतो, तुम्हीच त्यांना आणायला उशीर केलात. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

तर साडूने त्या शिक्षिकेचा ठोकळा हातात घेतला. तेवढ्यात रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर टकटक झाली.

बाहेरचं शटर बंद होतं. त्यानेच ओढलं होतं.

"माझा रिपोर्ट झाला का?"

बाईचा आवाज. सवयीने तो म्हणाला, सकाळी या.

"सकाळीच आले होते... तेव्हा."

त्याला मान वर करवेना.

"आमच्या यांना वाटतं, यांनीच उशीर केला..."

ती गेली नव्हती. ते कळत होतं.

तो कॉम्प्युटरपाशी बसला. सगळं टाइप केलं. गाठ कॅन्सरची होती. झाकणं बदलली. आम्हाला कळलं ती तारीख. आम्ही लपवलं. खाली स्वतःचं नाव. दोन प्रती काढल्या. एक खिडकीच्या फटीतून सरकवली.

कागद पलीकडून ओढला गेला. हळूच.

उजाडताच दुसरी प्रत, ठोकळा आणि रिपोर्ट नेणाऱ्यांच्या सह्यांचं रजिस्टर घेऊन तो तिच्या नवऱ्याकडे गेला. नोकरी गेली तर गेली. नवऱ्याने कागद दोनदा वाचला. इतके दिवस तो स्वतःलाच दोष देत होता. मग खोटा रिपोर्ट कधी दिला ते दाखवायला साडूने रजिस्टर उघडलं. शेवटच्या ओळीवर नवऱ्याचं बोट थांबलं.

"सही हिचीच आहे," तो म्हणाला. "पण तारीख कालची."