जरा पाय घे

गुरुवारी मामाचा दातांचा दवाखाना बंद असतो, म्हणून दचकूने गुरुवारच मागून घेतला. किल्ली देताना मामा म्हणाला, "खुर्च्या मोडू नका. आणि नाहीच जमलं तुझं ते व्हिडिओचं, तर माझा काउंटर आहेच. पेशंटची नावं पुकारायला दचकणारी मुलगीसुद्धा चालेल मला."

दचकू नुसती हसली. हे नाव तिला घरच्यांनीच ठेवलेलं. मागून नुसतं कुणी खाकरलं तरी ती जागच्या जागी उडायची. कॉलेज संपून वर्ष होत आलं होतं. दोन स्टुडिओंनी "कळवतो" म्हणून काही कळवलं नव्हतं. तिसऱ्याने उद्या सकाळी अकराला बोलावलं होतं, स्वतः केलेलं एक मिनिटाचं काम घेऊन. हेही हातचं गेलं, तर बाबांना दिलेल्या शब्दाप्रमाणे पहिल्या तारखेपासून मामाच्या काउंटरवर बसायचं होतं.

काय करायचं ते मात्र पक्कं होतं. एका गाण्याच्या व्हिडिओने तिला महिनाभर झपाटलं होतं. त्यात एका रिकाम्या खोलीत खुर्च्यांची ओळ असते, आणि प्रत्येक खुर्चीवर तीच एक गायिका. एकीने मान वळवली की दुसरी तिच्याकडे बघते. दचकूने तो थांबवून थांबवून इतक्यांदा पाहिला की वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या तुकड्यांचे जोड कुठे आहेत ते तिला पाठ झालं. तरी अंगावर काटा यायचाच. कारण खरी करामत जोडात नव्हती, नजरेत होती. नसलेल्या माणसाकडे असल्यासारखं बघायचं, बस्स.

तिच्या ओळीत बसायला ताई आली. बँकेतून दोन दिवसांची रजा काढून, कुरकुरत.

"सहा वेळा नुसतं बसायचं? मला अभिनय येत नाही हं."

"अभिनय नकोच आहे. दात दुखतोय आणि नंबर लागत नाहीये. पाय पुढे पसर, कंटाळल्यासारखे."

"असे चेहरे मी रोज बघते बँकेत. दात सोडून."

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून सहा खुर्च्या होत्या. समोर कॅमेऱ्याचा स्टँड लावून दचकूने त्याचे पाय चिकटपट्टीने जमिनीला बांधून टाकले; कॅमेरा केसभर जरी हलला तरी सगळं मुसळ केरात. पंखा बंद केला, पात्यांची सावली पडू नये म्हणून. खिडकीवर काळा कागद लावला. मग त्या भरदुपारीही खोलीत ट्यूबलाइटचा तेवढा पांढरा, आजारी उजेड उरला, आणि लवंगेच्या तेलाचा वास. कोंडल्यामुळे तो घशापर्यंत यायला लागला.

प्रत्येक वेळी फोनवर तेच गाणं लावायचं, म्हणजे वेळ जुळते. आणि ताईने फक्त एका खुर्चीवर बसायचं, बाकीच्या पाच रिकाम्या. क्रम कसाही चालणार होता. आधी चौथी खुर्ची, मग पहिली, पाचवी, दुसरी, तिसरी, आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या दाराजवळची सहावी. चार वाजता कुलूप लावून दोघी घरी आल्या. आई-बाबा मावशीकडे गेले होते. ताई आपली स्वयंपाकघरातल्या खुर्चीत जाऊन बसली, आणि दचकूने जेवायच्या आधीच सहाही तुकडे एकमेकांना जोडले.

जोड कुठेच दिसेना. सहा ताया ओळीत बसून कंटाळत होत्या. दचकूला टाळी वाजवावीशी वाटली.

आणि मग एकेचाळिसाव्या सेकंदाला पहिल्या ताईने वर पाहिलं, पाय खुर्चीखाली ओढून घेतले, आणि पुन्हा पसरले. लगेच दुसरीने. मग तिसरीने. सिनेमा सुरू झाल्यावर उशिरा आलेलं माणूस रांगेतून पुढे सरकतं ना, अगदी तसं.

हे ठरलेलं नव्हतं. ठरवूनही जमलं नसतं. खुर्च्यांचा क्रम उलटसुलट होता, मध्ये अर्धा-अर्धा तास गेला होता. दचकूने लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. बघवत नव्हतं, पण बघावंसंही वाटत होतं. तिने ते अकरा वेळा पाहिलं. प्रत्येक ताई वर बघायची ती एकाच उंचीवर. उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या.

"ताई," तिने आत हाक मारली, "तू मध्येच पाय का घेत होतीस गं?"

"तूच तर म्हणालीस."

"मी? काय म्हणाले?"

"'जरा पाय घे.' प्रत्येक वेळी."

"ताई... आवाज माझा होता?"

"दुसरं कोण होतं तिथे?" ताई म्हणाली, आणि मग जरा थांबून, "हळू बोलत होतीस. जवळून."

दचकू कॅमेऱ्यामागे होती. चार पावलं लांब. तिने सहाही तुकड्यांचा आवाज कान देऊन ऐकला. गाणं, ट्यूबलाइटची गुणगुण, बाकी काही नाही.

तो भाग कापून टाकावा असं दहादा मनात आलं. पण हात होईना. तेवढंच तर त्या मिनिटातलं जिवंत होतं.

स्टुडिओतल्या सरांनी ते दोनदा पाहिलं, तेही उभ्याउभ्या. तिसऱ्यांदा बसून पाहिलं.

"सहाजणी सगळेच करतात," ते म्हणाले. "पण ही सातवी, न दिसणारी... कमाल आहे. सोमवारपासून या."

दचकूच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती आभार मानायला लागली, पण सर अजून पडद्याकडेच बघत होते.

"एक विचारू? पाचजणी पाय पुन्हा पसरतात. दाराजवळची पसरत नाही. शेवटपर्यंत."

अकरा वेळा पाहूनही हे दचकूच्या लक्षात आलं नव्हतं. ती प्रत्येक वेळी पहिलीपासून बघायची, आणि सहावीपर्यंत येता येता तिची नजर दाराकडे जायची.

"म्हणजे ती सातवी बाहेर पडलीच नाही," सर कौतुकाने म्हणाले. "हिच्यासमोरच उभी राहिली. मुद्दाम केलंत ना?"

"हो," दचकू म्हणाली.

जिन्यात येऊन तिने घरी फोन लावला. चौथ्या रिंगला ताईने उचलला.

"मिळाली गं नोकरी."

"बरं झालं."

"ताई, काय करतेयस?"

"काही नाही. बसलेय."

"पाय... पाय कुठे आहेत तुझे?"

"खुर्चीखाली. मुंग्या आल्यात कालपासून."

"मग पसर ना."

ताई अगदी हळू, समोर उभ्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"कसे पसरू... जागा कुठाय?"