तोफ आणि दातवाला

घाटाच्या तिसऱ्या वळणावर एका बुटक्या हिरव्या गाडीचं एक चाक खडी उडवत गरगर फिरत होतं, आणि गाडी होती तिथेच. आत बसलेली मुलगी स्टिअरिंगला बुक्क्या मारत होती. पावसाची भुरभुर, कपाळाला चिकटलेले केस... आणि नाकाच्या शेंड्यावर राग असा, की माशी बसती तर भाजली असती.

स्कूटरवरून जाणारा एक जण थांबला. वाकून मागे बघत म्हणाला, "एक चाक राबतंय, दुसरं पाहुण्यासारखं बसलंय."

"तुम्हाला विचारलं कुणी?"

"कुणी नाही."

"मग ढकला तरी! की नुसतं तोंडच चालतं?"

त्याने ढकललं. गाडी निघाली, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टवर खांद्यापासून कमरेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटला. तिने आरशात पाहिलं. हसू आलंच होतं – पण तिने ते गिळलं. हसली असती तर राग वाया गेला असता.

घरी तिला तोफ म्हणायचे. नाव वडिलांनी ठेवलेलं, आणि गाडीही त्यांचीच; दोन माणसांची, शर्यतीची, तिच्याहून वयाने मोठी. अकरा वर्षं ते घाटाच्या शर्यतीत उतरले आणि अकरा वेळा त्याच वळणावर अडकले. आता ते नव्हते. काकाला गाडी विकायची घाई, आणि आईनेही शेवटी सांगून टाकलं, "यंदा वरपर्यंत चढली तर ठेव. नाही चढली तर जाऊ दे बाई. दारातलं ते दुखणं मला रोज बघवत नाही."

शर्यतीला तीन आठवडे होते. विचारत विचारत ती गावाबाहेरच्या एका शेडपाशी पोचली. गिअरच्या दातांचा खरा जाणकार तिथेच, असं सगळे सांगत. धंद्यात त्याला दातवालाच म्हणत. शटरखालून तो बाहेर आला आणि... तोच!

"डाग अजून निघाला नाही," तो म्हणाला.

"साबण बदला. आणि माझ्या गाडीचं डिफरन्शियलही."

त्याने गाडी उचलून मागचा लोखंडी गड्डा दाखवला. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा तो हाच. जुन्याची खोड अशी, की वळणावर एक चाक अधांतरी झालं की ते नुसतं भिरभिरतं आणि जमिनीवरच्याला ओढायला जोर उरत नाही. नव्यात चकत्या असतात, त्या उधळणाऱ्याला आवळून धरतात.

"म्हणजे आमच्या घरासारखंच," ती म्हणाली. "जो उधळतो त्याचेच लाड."

तो हसला. गालाला ग्रीस, पण हसू मात्र धुतल्यासारखं... तिने पटकन दुसरीकडे बघितलं.

मग चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून सुटली की ती रोज शेडवर भांडायला हजर. बोल्ट उघडेच का? हातमोजे कुठेत? ज्या शेगडीवर तो बेअरिंग तापवायचा, तिच्यावरच चहा उकळायचा. "तेलाचा वास येतो," म्हणायची, आणि दोन कप प्यायची.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी तिने गाडी मोठ्या रस्त्याला काढली. वेग वाढला, आणि मागून असा आवाज उठला, जणू कुणी करवतीने पत्रा कापतंय. ती तशीच परत फिरली. दार असं आपटलं की शेडचे पत्रे थरथरले.

"काय बसवलंय हे? गाडी आहे की सासरी निघालेली नवरी? रडतेय नुसती!"

दातवाला फडक्याने एकच पाना पुसत राहिला.

"बोला ना! परवा फुशारकी मारत होता, दात असे बसलेत की मुंगी शिरणार नाही!"

"क्राउन नवा आहे," तो हळूच म्हणाला. "पिनियन... तुमच्या बाबांचं ठेवलं."

आता, क्राउन आणि पिनियन ही त्या गड्ड्यातली दातेरी चाकं एकमेकांवर घासून जोडीनेच घडवतात. एक बदललं की दुसरं बदलायचंच. त्या धंद्यातला पहिल्या दिवसाचा धडा हा! बाबांच्या क्राउनचे दोन दात तुटले होते, पण पिनियन धड होतं. आणि त्याच्या टोकावर बारीक अक्षरांत कोरलं होतं – 'आज तोफ आली.' खाली तिची जन्मतारीख.

"टाकवेना," तो म्हणाला. "दातांना रंग लावून फिरवून पाहिलं, दात टेकतात तिथली खूण बरी उमटली. म्हटलं, चालून जाईल."

"मला दाखवलं का नाही?"

"तुम्ही रडला असता."

"माझं रडणं माझं आहे! ते ठरवणारे तुम्ही कोण?" तिचा आवाज फाटला. "बाबा अकरा वेळा हरले. बाराव्यांदा मी हरायचं, कारण तुम्हाला दया आली? दया कुणी मागितली होती? काम नीट मागितलं होतं! काढ ते. आत्ताच्या आत्ता!"

माणसाला दया आली की तो हमखास घोटाळा करतो, आणि वर स्वतःला चांगला समजतो.

त्याने काढलं. तिने अक्षरं वाचली... आणि ढसाढसा रडत ओरडली, "म्हणजे आई कळा देत होती, आणि हे गाडीखाली होते!"

तो हसायला गेला, तर ग्रीसचं फडकं तोंडावर बसलं.

क्राउनबरोबर आलेलं नवं पिनियन फळीवर पडूनच होतं; दिवस मावळायच्या आत नवी जोडी बसली. ती दातांना पिवळा रंग लावत होती, तो हळूहळू चाक फिरवत होता. चारही हात पिवळे झाले. पाच वेळा पुन्हा खोललं. सहाव्यांदा खूण अगदी दाताच्या मधोमध. दोघंही बराच वेळ त्या खुणेकडेच बघत राहिले... एकमेकांकडे बघायचं धाडस कुणाला होतं!

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर आतलं चाक उचललं गेलं. गाडी क्षणभर अडखळली – आणि बाहेरच्या चाकाने रस्ता पकडला. चढली! नऊ गाड्यांत नंबर आला सातवा.

दातवाला धापा टाकत माथ्यावर पोचला. "चढली ना?"

"चढली. पण माझा राग गेलेला नाही."

"किती दिवस राहील?"

"वर्षं लागतील. चूक झाली तर होऊ दे. पण माझ्यापासून लपवलीस ना..."

"नाही लपवणार." त्याने मान खाली घातली. "मग हेही सांगून टाकतो... मला तू आवडतेस. रागावलेलीसुद्धा."

ती लाल झाली. या खेपेला रागाने नव्हे.

"बस गाडीत. आईला सांगायचंय, गाडी राहणार म्हणून."

"एवढंच सांगायचं?"

तिने गिअर टाकला. "आधी गाडीचं. तुझं ऐकायला तिला खुर्ची द्यावी लागेल."