आजीच्या पानातली पोळी

त्या दिवशी माझ्याकडे एवढंच काम होतं की बाराच्या ऑपरेशनपर्यंत बाबांच्या तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. सोपं वाटलं, कारण आठ महिन्यांपासून बाबा ताट पाहिलं तरी घाबरायचे. जेवले की अर्ध्या तासात पोटात कळ. वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतड्याला रक्त पुरवणारी धमनी आवळत चाललीय, आज मोकळी केली नाही तर आतडं सडेल. आणि पोटात अन्न असलं तर भूल देता येणार नाही.

बाबांच्या आईला, माझ्या आजीला, प्रयागबाईला, हेच दुखणं होतं. घरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून तिचं अन्नच बंद केलं. दहा वर्षांच्या बाबांकडे ती भाकर मागायची आणि मोठ्यांच्या धाकानं ते नाही म्हणायचे. ती भुकेनं गेली.

तो दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, पितरांना जेवू घालायचा होता. गावी, इंझोरीला, आई आजीच्या नावानं पान वाढत असेल, हे मी साफ विसरले होते.

साडेदहाला दवाखान्यातली वीज गेली, पंखा थांबला. खोलीत आखाजीच्या चिंचवणीचा, चिंच-गुळाचा आंबटगोड वास आला, मग पुरणाचा.

"वैभवी..." बाबा कुजबुजले. "आई आली."

खोलीत कोणीच नव्हतं. पण खाटेच्या कडेला गादी दबली होती, कोणी बसल्यासारखी. बाबांचे ओठ हळूहळू उघडत होते.

"बाबा, नका खाऊ!"

"म्हणते, माह्यं पोरगं उपाशी हाय... मले नाई म्हणवत नाई, पोरी. एकदा म्हटलं व्हतं..."

मी हातानं त्यांचं तोंड दाबून धरलं. हाताच्या पाठीला काहीतरी मऊ, गरम लागलं. ते मायेनंच ढकलत होतं, पण थांबत नव्हतं. माझी बोटं सरकायला लागली. मी इतकी भ्याले की रडूच फुटलं.

"आजी, त्यायले नको... मले घास चार. तुह्या पाया पडतो, मले चार..."

आणि मी तोंड उघडलं.

ऑपरेशन झालं, बाबा वाचले. आता दोन-दोन भाकरी हाणतात, वर मलाच चिडवतात, "डाएट करून राह्यली का वं?" मी हसते. जेवले की अर्ध्या तासात मला कळ येते. दोनदा तपासण्या झाल्या, धमन्या अगदी स्वच्छ आहेत म्हणे.

काल पुन्हा आखाजी झाली. आईनं पान वाढलं, पाणी आणायला वळली आणि ओरडली, "आजीच्या पानातली पोयी कोनं तोडली वं?"

मी अंगणात उभी होते. भीतीनं सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. तरी माझ्या तोंडात गरम पुरण होतं.