जयसिंगपूरच्या पाहुण्यांचं आम्लेट

आमच्या तांबड्या कोंबडीला शेजाऱ्यांच्या सरपणातच अंडी घालायची हौस. त्या बुधवारी सकाळी मी तानाबाईंच्या घरामागच्या परड्यात शिरले, पदरात तीन अंडी घेऊन वळले — आणि समोर एक उंच तरुण!

"दिवसाढवळ्या चोरी?"

"कोंबडी आमची हाय."

"सरपण आमचं हाय की!"

तो तानाबाईंचा भाचा, कृष्णात. पलटणीच्या भटारखान्यात चार वर्षं काढून आता इंजिनाच्या कारखान्यात लागलेला. भटारखाना म्हटल्यावर माझी लाजच पळाली. रविवारी जयसिंगपूरचे पाहुणे मला बघायला येणार होते आणि निरोप होता — मुलगा पोह्यांना हात लावत नाही, न्याहारीला भरलेलं आम्लेट लागतं. आमच्याकडे अंडं म्हणजे रस्सा, तोही परड्यातल्या चुलीवर, कारण स्वयंपाकघरात देव. आम्लेट मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आणि बाबा गावभर सांगत सुटलेले, आमच्या हौसाला सगळं येतं! दोन रात्री मला झोप नव्हती.

"शिकवाल?" मी विचारलं.

आईचे उपासाचे वार वगळले तर हातात बुधवार आणि शुक्रवारच उरत होते. तो दोन परड्यांमधल्या भिंतीवर कोपर टेकून सांगायचा, मी चुलीपुढे. आत उकडलेला बटाटा, परतलेला कांदा, वर चटणी. पहिलं फाटलं, दुसरं तव्याला चिकटून बसलं.

"कड सुटल्याबिगर उलथनं लावायचं न्हाय. वीस मोजा."

मी मोजायची... बारा-तेराच्या सुमारास नजर वर जायची आणि पुढचे आकडे हरवायचे.

शुक्रवारी घडी नीट पडली. आनंद व्हायला हवा होता. तवा उतरवायला मात्र मन होईना.

"रविवारी बिघडलं तर?"

"घरात बोलणी खाशीला."

"आणि झ्याक झालं तर?"

"तर... जयसिंगपूर."

"तुमाला काय झालेलं बरं?"

त्यानं भिंतीवरून कोपर काढलं. मग म्हणाला, "झ्याकच करा. माझ्या शिकवण्याला बट्टा नगं." जाता जाता वळला. "एकदा बी नावानं हाक मारली न्हाईसा मला."

"समोर तर उभं असताय. हाक कशाला?"

खोटं बोलले मी. घरात एकटीनं म्हणून पाहिलं होतं... जीभच वळली नव्हती.

रविवारी आम्लेट सुरेख उतरलं. सयाजीराव, म्हणजे नवरा मुलगा, पहिल्या घासालाच खूश. त्यांच्या आत्या शालूबाई बोटं चाटत म्हणाल्या, "आयनं शिकवलं व्हय?"

आईचे डोळे मला विनवत होते — हो म्हण. एका 'व्हय'वर सगळं जमणार होतं. मला रडूच यायला लागलं.

"न्हाय. शेजारच्यांनी."

"कोण? नाव काय?"

मी तोंड उघडलं. नाव ओठांवर आलं आणि अडकलं. पुन्हा प्रयत्न केला... नाहीच. आमच्याकडे बायका नक्की कुणाचं नाव घेत नाहीत, ते तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं.

"नाव... घेता येत न्हाय मला."

सयाजीरावांचा घास हातातच राहिला. शालूबाईंनी मला खालून वर निरखलं. "लगीन झालंय व्हय गं तुझं?"

"न्हाय... अजून न्हाय."

"मग आमाला कशाला बोलावलंसा?" त्या कडाडल्या. आणि उरलेलं आम्लेट मुकाट्यानं संपवलं.

बाबा उठले. परड्याकडे निघाले. मारणार की काय त्याला?

"कृष्णात!" बाबांचा आवाज गल्लीभर गेला.

"जी?"

"पावण्यांची पोटं भरली. माझी न्याहारी ऱ्हायलीया. ये इकडं." मग म्हणाले, "भिंतीवरनं नगं. दारानं ये."