काजवे

हसा, हसा. आमच्या ढब्याला थापा मारता येत नव्हत्या. त्यालाही अक्कल लागते. मुलांच्या हॉस्पिटलात, किडनी बदललेल्या पोरांच्या वॉर्डात, रात्रपाळीचा वॉर्डबॉय होता तो.

मार्चमधला शेवटचा शनिवार, रात्रीचे दोन वाजून गेले होते. सिस्टरनी त्याला रक्ताची नळी तळमजल्यावर लॅबमध्ये द्यायला पाठवलं. रोजचंच काम. नळी देऊन ढब्या लिफ्टमध्ये शिरला.

आत एक पोरगा उभा. हिरवा झगा, अनवाणी.

"काका, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

ढब्याने त्याला ओळखलं. हे वाक्य त्याने याच पोराच्या तोंडून ऐकलं होतं, याच वॉर्डात, नुकत्याच सरलेल्या थंडीत. बापाची किडनी बसवलेली, लघवी सुरू झाली म्हणून सगळे खुशीत. आणि हे पोर म्हणालं, काजवे चमकतायत. डॉक्टर म्हणाले, "कुणी कानफटात दिली रे?" सिस्टर हसल्या, ढब्या हसला, बापसुद्धा हसला. पोरगं मोठ्या माणसासारखं बोलतंय म्हणून कौतुक! अरे, त्याला खरंच दिसत होते. रक्तदाब चढून डोक्यात गेला होता. प्रेशर मोजायचं कुणाला सुचलं नाही. घटकाभरात फिट आली, ती थांबलीच नाही. पोर गेलं. आपलीच भाषा, आपलंच पोर, आणि एकालाही कळलं नाही. मला अजून संताप येतो.

तर... लिफ्ट वर चाललेली. पोराचा हात थरथरायला लागला. मग खांदा. मान वळली... डोळे पांढरे...

ढब्याने वॉर्डाच्या मजल्याचं बटण दाबून धरलं.

दार उघडलं. आत कोणी नाही.

तो धावत सुटला. त्या पोराच्या खाटेवर आता एक मुलगी होती, आईची किडनी मिळालेली. जागी.

"काका... भिंतीवर काजवे आहेत..."

"सिस्टर! हिचं प्रेशर बघा! आत्ता!"

आकडा बघून सिस्टरचा चेहरा उतरला. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. फिट आलीच. पण थांबली. पोरगी वाचली, आणि सगळ्यांनी डॉक्टरांची पाठ थोपटली. त्या पोराच्या बापाला मात्र, त्याचं पोर कशानं गेलं, हे कुणीच कळवलं नाही. तो एका किडनीवर जगतोय.

पहाटे सिस्टरनी कुलूप काढून सामानाचं कपाट उघडलं. प्रेशर मोजायचा लहान पट्टा आत होता. पंप नाही, नळी नाही, नुसता पट्टा.

गच्च फुगलेला... बारीकशा दंडाभोवती बांधावा तसा.